तोकुनागांचं जेवण संपेपर्यंत

तोकुनागा म्हातारा चाळीस वर्षं दर शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. आमची खाणावळ बों रेतीरो या वस्तीत, त्याच्याच इमारतीत आहे. डावीकडच्या टेबलांवर आमचं कोरियन मिळतं, उजवीकडे जपानी. म्हातारा जपानी, बसतो उजवीकडे आणि मागवतो डावीकडचं.

गुरुवारी त्याच्या थोरल्या मुलाचा, वाग्नेरचा, फोन आला. इमारत विकायची ठरलीय, इथे टॉवर होणार, उद्या नोटरीकडे सह्या. ऑफिस चारला बंद होतं. बाबा आधी नेहमीसारखे जेवतील, जागा सोडायचं तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगतील, मग मी त्यांना घेऊन जाईन. किती गोड आवाजात बोलला मेला. तो फोन ठेवल्यापासून मी काही बसले नाही. भांडी पुसली, पुसलेली परत पुसली. पहाटे चालत चालत लूझ स्टेशनपर्यंत जाऊन आले. बरं, स्टेशनपर्यंत नाही, अलीकडच्या कोपऱ्यावरून परतले.

आता म्हाताऱ्याचे दोन नियम. एक, जेवताना व्यवहार नाही. हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवेपर्यंत कामाचा शब्द काढायचा नाही. दुसरा त्याच्या आईने लावलेला. तिने कॉफीच्या मळ्यावर उपाशी दिवस काढले होते, त्यामुळे वाटीत काही उरवायचं नाही, शेवटचं शीतसुद्धा टिपायचं. आणि आमच्या लोकांचं काय, तर पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की भरायची. विचारायचं नाही, भरायची. इतकी वर्षं मी समजूतदारपणे दोनदा वाढून थांबत होते. त्या शुक्रवारी ठरवलं, थांबायचं नाही. जेवण संपलं नाही तर तो बोलणार कसा, आणि सही करायला जाणार कसा?

साडेबाराला म्हातारा आला. वाग्नेर बाहेर गाडीतच बसला. मी भात ठेवला, सूप ठेवलं, आणि सभोवती छोट्या वाट्या: किमची, मुळ्याचे आंबट काप, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेलं सोयाबीन, वाळवलेली बारकी मासळी. त्याने मुळा संपवला, मी मुळा भरला. पालक संपवला, पालक भरला. एकदा त्याने तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलतोय, तर मी पटकन मासळी वाढली.

दीड वाजला. बाहेर हॉर्न वाजायला लागला. मुळ्याची बाविसावी वाटी चालू होती. माझी सून लुसेलिया म्हणते सात, पण तिला मोजता कुठे येतं. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“आई, माणूस मरेल हो.”

“मरतोय कसला. आणि मेला तर सही कोण करणार?”

“देवा, या घरात कुठे येऊन पडले मी,” असं काहीसं पुटपुटत तिने पालक चिरायला घेतला. इथल्याच बाईया प्रांतातली आहे, तोंडाने कटकट करते आणि हाताने दुप्पट काम.

अडीचला मात्र मलाच बघवेना. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता, पट्टा सैल केलेला, शर्टाचं मधलं बटण उडून डावीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी सूपमध्ये पडलं होतं. ऐंशीच्या घरातला माणूस. मुळ्याची वाटी रिकामी होती, माझ्या हातात पळी होती आणि हात पुढे जाईना. स्वतःलाच म्हटलं, ओक्सुन, पुरे आता. बोलू दे त्याला. जायची असेल तर जागा जाईल. मी पाठ फिरवली.

मागून टिक-टिक आवाज आला. म्हातारा काडीने रिकामी वाटी वाजवत होता. त्यांच्या घरात पोराने असं केलं तर फटका बसतो. चाळीस वर्षांत या माणसाने सूप भुरकायचा आवाजसुद्धा मोजूनमापून केलेला.

“ओक्सुनबाई, मुळा संपला का?”

मी बघितलं, तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

मग काय सांगू, माझ्या पायांत वारं शिरलं. विकायचं होतं ते पोरांना, याला नव्हे. आणि पोरांना नाही म्हणायची याची छाती नाही, तशी माझी तरी माझ्या पोरापुढे कुठे आहे. मुळा संपला, कोबी आणला. कोबी संपला, शेजारच्या शिंप्याच्या डब्यातली चवळी आणली. शेवटी कच्चा कांदा मीठ लावून ठेवला.

साडेतीनला वाग्नेर आत आला, तोंड लाल.

“बाबा, तीन तास झाले.”

“डॉक्टरांनी चावून खायला सांगितलंय.”

“वाटेतच वीस मिनिटं जातात, बाबा.”

“मग बस. तू पण खा.”

त्याने बसायच्या आत मी त्याच्यापुढे भात आणि चवळी ठेवली. आजीचा नियम मोडून वाढलेलं टाकायची हिंमत त्यालाही नव्हती. फोनवर कुणाची तरी माफी मागत तो खात होता. चारला पाच कमी असताना म्हाताऱ्याच्या वाटीत सोयाबीनचा एकच मोड उरला होता. त्याने त्याचे काडीने चार तुकडे केले. एकेका मिनिटाला एक. देवाशपथ.

चार वाजले. वाग्नेर उठला आणि सोमवारची वेळ मागायला बाहेर गेला. म्हाताऱ्याने काड्या खाली ठेवल्या. मी कालपासून पहिल्यांदा बसले, त्याच्या समोरच. आता तो बोलू शकत होता.

“सोमवारी अकराची वेळ देतील,” म्हणाला. “तुम्ही उघडता किती वाजता?”

“साडेअकराला.”

“दहाला उघडा. मी उपाशी येईन.”

मी लगेच उठले, सोमवारचे मुळे आणायला.