घाटावरची होडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. काळी, बुटकी आणि एके काळी फार पळणारी. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथल्या लोकांनी माझ्या इंजिनात साध्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त ताकद भरली होती. पहिल्या मालकांनी ती कधी वापरलीच नाही. सहा वर्षं मला कव्हराखाली जपलं आणि मग नीलाच्या हवाली केलं.

नीला नारायणगावची, पुण्याला शिकलेली, फरीदाबादला नोकरीसाठी आलेली. तिनं करोल बागेतून माझ्या स्टिअरिंगला लाल शिलाईचं कव्हर आणलं. रविवारी पहाटे ती मैत्रिणीला, रसिकाला, घेऊन पानिपतच्या रस्त्याला लागायची. पराठे खाऊन नऊच्या आत परत!

"आपली माणसं पानिपतावर गेली की परत येत नाहीत, नीले," रसिका म्हणायची, "आणि तू जाऊन आलीससुद्धा!"

नीला हसायची आणि मला पाचव्या गिअरमध्ये टाकायची. काय दिवस होते ते!

मग नीलाचं विनयशी लग्न झालं आणि पुढे वल्लरी आली. बाळाला दवाखान्यातून घरी आणताना नीलानं मला वीसच्या वर जाऊ दिलं नाही. मागचे रिक्षावाले नुसते ओरडत होते. त्यानंतर माझ्या मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा साचला, खिडकीला अस्वलांचा पडदा लागला आणि पाचवा गिअर मी जवळजवळ विसरले. मला राग नाही आला. फक्त मोकळा रस्ता दिसला की आत कुठेतरी हुरहुर वाटायची.

यंदा मला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. एवढ्या वयाच्या पेट्रोल गाडीला दिल्लीच्या आसपास थारा नाही. एक तर भंगार, नाहीतर परगाव. नारायणगावचा नीलाचा मोठा भाऊ हरीश मला ठेवून घ्यायला तयार होता.

"चौदाशे किलोमीटर, यार! इथेच भंगारात देऊ," विनय म्हणाला.

नीला म्हणाली, "एकदा नेऊन बघू. पण वल्लरी गाडीत असणार. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर जिथे असेल तिथे भंगारात. मी अडून बसणार नाही."

हे मी ऐकलं, मित्रांनो. निघण्याआधी मेकॅनिक गौरवनं मला तपासलं आणि म्हणाला, "मॅडम, गाडी फर्स्ट क्लास है. बस, रोज सवेरे पानी देख लेना."

सहा वर्षांच्या वल्लरीला नीलानं सांगितलं होतं, "वाटेत घाट लागेल हं!" दिल्लीकडे वाढलेल्या पोरीला घाट म्हणजे यमुनेचा, पायऱ्यांचा, होड्यांचा. तिनं कागदाची होडी करून मांडीवर घेतली. पहिला मुक्काम कोट्याला, दुसरा इंदूरला. सेंधव्याचा घाट तिनं झोपेतच पार केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी संगमनेर सोडलं आणि चंदनापुरीचा घाट सुरू झाला.

"आई, घाट कधी येणार?"

"हाच की घाट! डोंगरातला रस्ता."

"फिर पानी कुठाय? मग होडीचं काय?"

पाणी! माझंही पाणी आटलं होतं. चढावर माझा काटा लालाकडे सरकू लागला. भीतीनं मला धाप लागली. नीलानं ते पाहिलं. तिनं एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला.

"वेडी झालीस का? मे महिना आहे!" शेजारी बसलेला विनय ओरडला.

"इंजिनाची गरमी आत ओढून घेतेय. तू पोरीला वारा घाल."

घामानं निथळत तिनं मला सावकाश वर आणलं, एका रसवंतीच्या सावलीत उभं केलं आणि किल्ली फिरवली.

"पडली ना बंद?" विनय म्हणाला. "ठरलं होतं आपलं."

"बंद पडली नाही. मी बंद केली." नीला म्हणाली. "तीन दिवसांत वल्लरीच्या बाटल्या मी दहादा भरल्या. हिचं पाणी एकदाही बघितलं नाही. चूक माझी आहे, हिची नाही."

विनयनं बॉनेट उघडलं आणि तिघांसाठी रस सांगितला.

पाऊण तासानं मी निवले. रसवंतीवाल्या काकांनी बादलीभर पाणी आणून ठेवलं. वल्लरी धावली आणि तिनं होडी बादलीत सोडली. "आला घाट!"

होडीच्या दोन फेऱ्या होईपर्यंत नीला थांबली. मग त्याच पाण्यानं तिनं माझी तहान भागवली. पठारावर सरळ रस्ता आला तेव्हा तिनं आरशात वल्लरीकडे पाहिलं, पट्टा नीट आहे ना ते विचारलं, आणि मला पाचव्या गिअरमध्ये टाकलं.

आता मी हरीशकडे असते. ती होडी सुकून माझ्या काचेपाशी बसली आहे. नीलाचा फोन आला की सगळ्यांची चौकशी होते आणि शेवटी एक प्रश्न येतोच, "दादा, तिचं पाणी बघितलंस?"

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं काही थांबलं, तर त्याला टाकून देऊ नका. आधी आठवून पाहा, त्याला काय द्यायचं आपण विसरलो होतो.