चमकवलेले छत्तीस स्पोक

मला चाक बांधता येतं. हे मी वर्गात सगळ्यांना सांगून झालंय, काहींना दोनदा. पण त्या शनिवारी काय झालं, ते मात्र आजच सांगतेय.

आधी गुन्हा कबूल करते. ताईची सायकल मी न विचारता नेली, हात सोडून चालवून दाखवली आणि पायरीवर आदळले. मला काही झालं नाही. मागच्या चाकाची रिंग मात्र अशी वाकली की चाक फिरायच्या ऐवजी नाचायलाच लागलं. आणि ताईची सोमवारपासून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवी नोकरी. पहाटे सहाला हजर व्हायचं, पहिली बस सातची. म्हणजे सायकल नाही तर पहिल्याच दिवशी उशीर.

"मी करून देते," मी म्हटलं.

"तू?" ताई एवढंच म्हणाली. त्या एका अक्षरात माझा सगळा इतिहास होता.

आमच्या आत्याचं सायकलचं दुकान आहे. सुट्टीत मी तिथेच पडीक असते. ती मला रेडिओ म्हणते, का ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तिने चाक फिरवून पाहिलं. "रिंग नवी टाकू. स्पोक जुनेच वापरू, एकही तुटलेला नाही. या मापाचे नवे यायला आठवडा लागेल. नवी रिंग जुनीला टेपने चिकटव आणि एकेक स्पोक इकडून सोडवून तिकडे लाव. चाकाच्या मधल्या हबमधून काढायचा नाही. ऐकलंस?"

"हो गं!"

ती एक सायकल पोचवायला गेली. मी स्पोककडे बघितलं. काळे, चिकट, गंजाचे ठिपके. नव्या कोऱ्या रिंगला हे लावायचे? शोभतं का? मी छत्तीसच्या छत्तीस काढले, रॉकेलच्या डब्यात बुडवले, घासले, पुसले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. काय दिसत होते म्हणून सांगू!

आत्या आली. वर्तमानपत्रावर वाकली.

"चमकतायत की."

"हो ना!"

"कुठला कुठल्या भोकातला?"

मी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"रेडिओ बंद पडला वाटतं," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने एक स्पोक उचलून त्याची वाकलेली मान दाखवली. "हा इतकी वर्षं एकाच जागी ताणला गेलाय. जागेप्रमाणे वळलाय. बाहेरचा आत घातलास तर ही मान उलटी वाकणार. आज काही होणार नाही. पण महिन्याभराने, पहाटे साडेपाचला, तुझ्या बहिणीच्या खाली तुटेल."

"मग आता?"

"आता बघायचं. तोंडाने नाही, डोळ्यांनी."

मी काउंटरच्या काचेवर स्पोक उभे करून दोन-दोन मापले. गिअरच्या बाजूचे किंचित आखूड असतात, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे. अठरा आखूड, अठरा लांब. मग माना. हबच्या बाहेरून जाणाऱ्यांची मान घट्ट वळलेली, आतून जाणाऱ्यांची जरा मोकळी. आखुडांचे नऊ-नऊ झाले. लांबांमध्ये नऊ मोकळे, आठ घट्ट आणि एक असा की धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

गणिताने तो बाहेरचा ठरत होता. पण आधीच्यात एखादा चुकला असेल तर? गुपचूप ढकलून दिला असता तरी कोणाला कळलं असतं? डोळ्यांसमोर पहाटेचा रिकामा रस्ता आला आणि त्यावर ताई, नव्या कपड्यांत, सायकल ढकलत चाललेली.

"आत्या, हा मला कळत नाहीये."

"काय म्हणालीस? परत म्हण. असलं वाक्य मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय."

"नाही कळत गं!"

तिने तो बोटांत फिरवला आणि हसली. "हा मीच मागच्या महिन्यात घातला होता, या मापाचा माझ्याकडचा शेवटचा. त्याला अजून वळण लागायचंय. बाहेर घाल, चालेल." मग बाकीचे ढीगही तिने एकदा नजरेखालून घातले. एकही हलवला नाही.

संध्याकाळपर्यंत चाक बांधून झालं. स्टँडवर फिरवून त्याचा आउट, म्हणजे उरलेली डुगडुग, काढला, जोडी-जोडीने स्पोक मुठीत दाबले, पुन्हा आउट काढला. रविवारी आत्या स्वतः कॅरिअरवर बसली. "तुटायचा असेल तर आत्ता तुटू दे. जरा जोर लाव की, जेवली नाहीस का?" मी घामाघूम होऊन तिला चार फेऱ्या मारून आणलं. एकही तुटला नाही.

रात्री जेवताना ताईला सगळं सांगितलं, रॉकेलच्या डब्यासकट. ती जेवायची थांबली.

"म्हणजे तुटू शकतो?"

"शकतो. मला नाही वाटत तुटेल. पण रोज तू आलीस की मी बघणार."

"रोज?"

"महिनाभर."

सोमवारी दुपारी ती आली. सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "पाच मिनिटं आधी पोचले." मी जमिनीवर बसून एकेक स्पोक दाबत गेले. एकविसावा थोडा सैल लागला. स्पोकच्या चावीने पाव फेरा आवळला.

"झालं?" ताईने विचारलं.

"थांब, अजून पंधरा आहेत."

ती आत गेली नाही. मी मोजत होते तोवर तिने सायकल धरून ठेवली.