पाण्यात न धरलेली कॉफी

लग्नाच्या एवढ्या वर्षांत नवऱ्याला सगळ्यात जास्त वेळा काय म्हणालीस, असं कुणी आर्डिस टॉलेफसनला विचारलं असतं, तर तिनं विचार करायला क्षणभरही घेतला नसता. "सेल्मर, पाणी पी. कॉफी म्हणजे पाणी नव्हे." बस्स, हेच. प्रेमाबिमाचं म्हणाल तर तो शब्द त्या घरात कधी मोठ्यानं उच्चारला गेला नव्हता. अमेरिकेत, पश्चिम मिनेसोटातल्या त्या मका-सोयाबीनच्या सपाट मुलखात माणसं प्रेम बोलत नाहीत. शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ उपसून देतात, समोर कॉफी ओततात आणि गप्प बसतात.

आणि कॉफी तरी कसली! कपाचा तळ दिसेल इतकी पातळ. पण ती उठल्याबरोबर हवी, न्याहारीला हवी, दहाला हवी, जेवणावर हवी, तीनला हवी, आणि रविवारी चर्चच्या तळघरात तर नळासारखी वाहायला हवी. सेल्मर याच कॉफीवर वाढला. पाणी हे गुराढोरांनी प्यायचं आणि आपण कॉफीच्या भांड्यात घालायचं, असा त्याचा हिशेब. कापणीच्या दिवसांत आर्डिस शेतावर पाण्याची बरणी घेऊन जायची आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली परत आणायची. तिच्या आईनं तिला सांगून ठेवलं होतं की कॉफी एक पेला पाणी देते आणि दोन पेले काढून नेते. आर्डिसनं ते नवऱ्याला जन्मभर ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

गेल्या शरदात सेल्मरचं हृदय थकलं. शेत तोवर मुलाच्या हातात गेलं होतं, म्हणून बरं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "दिवसभरात दीड लिटर. त्यावर घोटभरही नको. अंगात पाणी साठलं की हृदयावर ताण येतो."

सेल्मर परतताना गाडीत एकदम खुशीत होता. "ऐकलंस? डॉक्टरनंच सांगितलं, पाणी कमी पी. एवढी वर्षं मी बरोबर होतो म्हणायचं."

"जास्त शहाणपणा नको," आर्डिस म्हणाली. पण ती कामाला लागली. एक काचेचा जग घेतला, दीड लिटरवर रंगीत पट्टी चिकटवली आणि रोज सकाळी तो भरून टेबलावर ठेवू लागली. सेल्मरनं प्यायचं ते त्यातूनच. रात्री जग अर्धा तरी भरलेला राहायचा. आर्डिसला आपल्या कारभाराचा अभिमान वाटायचा.

कॉफी त्यात धरायची हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? कॉफी म्हणजे पाणी नव्हे! उलट कॉफी पाणी काढून नेते. नाताळानंतर सेल्मरचे घोटे सुजायला लागले, तेव्हा आर्डिसनं मनाशी विचार केला की याच्या अंगातलं पाणी खेचायला आता कॉफीच वाढवायला हवी. ती आपण होऊन कप भरायला लागली. "घे अजून. निघून जाईल सगळं." सेल्मरला स्वप्नात असल्यासारखं वाटलं. त्यानं चुकूनही विचारलं नाही की बाई गं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याला आडवं होऊन श्वास घेता येईना. दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या. बुटात पाय जाईनात. शेवटी मुलगा आला, बापाला नुसत्या मोज्यांवरच गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं.

नाकाला नळी लावून सेल्मर पलंगावर बसला होता. हमदी नावाची नर्स चौकशी करायला आली. तरुण, डोक्याला निळा रुमाल, बोलणं शांत.

"पाणी किती पितात दिवसाला?"

"ठरवून दिलंय त्याच्या निम्मंच," आर्डिस ताठ मानेनं म्हणाली. "मी स्वतः बघते."

"आणि बाकीचं? सूप, दूध, कॉफी?"

"कॉफी पितो की. पण ती कुठे पाण्यात धरायची!"

हमदीनं मान वर केली. "किती कप?"

आर्डिसनं सेल्मरकडे पाहिलं. सेल्मरनं छताकडे पाहिलं.

"असतील थोडे," तो म्हणाला.

"थोडे म्हणजे?"

"कप लहान आहेत आमचे."

हमदी हसली नाही आणि रागावलीही नाही. खुर्ची ओढून आर्डिसजवळ बसली. "माझी आईसुद्धा चहा पाण्यात धरत नाही. सोमालियातून इथे आली तरी किटली दिवसभर विस्तवावर. पण कपात जे असतं ना, ते जवळजवळ सगळं पाणीच असतं."

"पण त्यानं लघवीला होते ना! दुप्पट निघून जातं."

"सवय नसलेल्याला होत असेल थोडी जास्त. यांच्यासारख्या रोजच्या माणसाच्या अंगात कॉफीचं पाणी पाण्यासारखंच राहतं. धडधाकट माणसानं ती पाण्यात धरली तर बिघडत नाही. यांनी तर धरलीच पाहिजे, घोट न् घोट."

आर्डिसच्या डोळ्यांपुढे ते सगळे कप आले. घे अजून, निघून जाईल सगळं. अरे देवा! आपल्याच हातानं, आपल्याच स्वयंपाकघरात, ती या माणसाला पाणी पाजून पाजून बुडवत होती. आणि तो मुकाट्यानं पीत होता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच बायको कॉफीला नाही म्हणत नव्हती.

हमदी उठून गेली. मग नळीतून सूं सूं करत सेल्मर म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं मी शेतावर पाणीच पीत होतो?"

"एक शब्द बोलू नकोस."

"नाही, नुसतं विचारतोय."

आर्डिस उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तो जगला नसता तर? हा प्रश्न तिनं एकदाच स्वतःला विचारला आणि पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

पाणी उतरलं, सेल्मर घरी आला. आता टेबलावरच्या त्या काचेच्या जगाचा नियम बदलला. सेल्मरनं कप कॉफी घेतली की तेवढंच पाणी जगातून मोरीत ओतायचं. सूप घेतलं तरी तेच. सकाळी उठून वजन करायचं. आणि सेल्मरनं ऐकलं! मुळीच कटकट केली नाही. सकाळी एक कप, जेवणावर एक, बाकी गोळ्यांपुरतं पाणी. आर्डिसला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण खरा घोळ पुढेच होता. सेल्मर रोज सकाळी धान्याच्या सोसायटीत जायचा. तिथल्या मागच्या खोलीत कॉफीचं भलंमोठं भांडं आणि त्याभोवती म्हातारे शेतकरी, त्यात त्याचे शाळेपासूनचे सोबती आयनार आणि व्हर्डेल. इस्पितळातून आल्यावर तो एकदाच गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वजन चढलं. त्यानंतर त्यानं टोपी खुंटीला लावली ती लावलीच.

"का रे जात नाहीस?" आर्डिसनं विचारलं.

"काय करू जाऊन? ते कॉफी ओततात."

"नको म्हणायचं."

सेल्मरनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो ते. त्या गावात नको म्हणजे काय असतं? पहिलं नको ही नुसती रीत. दुसरं नको म्हणजे आपण हावरट नाही हे दाखवणं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस म्हणणार, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." आणि अर्धा म्हणजे काठोकाठ. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही त्यांची पिढीजात सवय. तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान चिक्कू, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा पाहुणा रुसलेला. सेल्मर बिचारा तीनदा नको म्हणाला होता. आयनारनं चौथ्यांदा न विचारताच ओतली, आणि मित्रानं ओतलेलं टाकून उठायचं धाडस सेल्मरचं झालं नाही.

"मग सांग त्यांना, हृदयाचं आहे म्हणून."

"काय सांगू? कपभर कॉफी सोसत नाही मला म्हणून? सोड." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "नाही म्हणायला जमत नाही मला. आणि हो म्हणालो तर तू पुन्हा त्या व्हरांड्यात उभी राहशील."

म्हणजे त्याला ते ठाऊक होतं. आर्डिस उगाच टेबल पुसत राहिली.

मार्च निम्मा झाला. बर्फ वितळायला लागलं, शेतांत काळी ढेकळं दिसू लागली. सेल्मर दिवसभर खिडकीपाशी. दोन वाक्यांच्या वर बोलणं नाही. पाय उतरले, श्वास मोकळा झाला, पण माणूस खुर्चीतल्या खुर्चीत वाळत चालला. आर्डिसला भलताच राग यायचा. कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी तिनं कोट चढवला आणि थेट सोसायटीच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बायका त्या खोलीत जात नसत. म्हातारे गडबडून खुर्च्या सरकवायला लागले.

"आर्डिस! ये, कॉफी घे," आयनार म्हणाला.

"कॉफीचंच बोलायला आलेय." तिचे कान तापले होते. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायची तिला सवय नव्हती. "सेल्मरला कॉफी मोजून आहे. जास्त झाली की त्याला श्वास घेता येत नाही. तो नको म्हणाला तर त्याला खरंच नको असते. एकदाच विचारा. पाया पडते तुमच्या, एकदाच विचारा त्याला."

आयनार टोपीच्या कडेकडे बघत राहिला.

"हं," तो म्हणाला. "बरं तर."

"हवा निवळतेय जरा," व्हर्डेल म्हणाला.

बस्स, एवढंच. आर्डिस घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होती. आपण तोंडघशी पडलो आणि हाती काही लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात, दुपारी तीनला, दोघंही दारात हजर. आयनार आणि व्हर्डेल, हातात टोप्या, बूट पायरीवर घासूनपुसून. सेल्मर खिडकीपासून उठला आणि टेबलाशी येऊन बसला. आर्डिसनं कॉफीचं भांडं आणलं, खजुराच्या वड्यांची ताटली मांडली.

"आयनार, कॉफी?"

"नको."

"अर्धा कप?"

"नको गं."

"अरे केलेलीच आहे. वाया जाईल."

यापुढे त्या गावात कुणाचं काही चालत नाही. वाया जाईल म्हटल्यावर मेलेला माणूससुद्धा उठून कप पुढे करेल. आयनारनं भांड्याकडे पाहिलं, आवंढा गिळला. "नको, आर्डिस."

व्हर्डेलनंही तीनदा नको म्हटलं.

आर्डिसच्या स्वयंपाकघरात तिसरं नको कधी ऐकू आलं नव्हतं. आधी तिला थोबाडीत मारल्यासारखं झालं. मग एकदम उमगलं. हे दोघे ठरवून आलेत. त्याला मिळत नाही तर आम्हालाही नको, असं ठरवून. ती पाठ वळवून मोरीपाशी भांडी खडबडवू लागली.

पण बोलणार कोण? आयुष्यात कपाशिवाय एकमेकांसमोर कधी बसलेच नव्हते ते. हात कुठे ठेवायचे, हेच कळेना. मधोमध भांड्यातून वाफ निघत होती आणि तिघेही तिच्याकडे बघत होते.

"रस्त्याला चिखल झालाय," व्हर्डेल म्हणाला.

"झालाय," आयनार म्हणाला.

आयनारनं काहीतरी करायचं म्हणून एक वडी उचलून तोंडात कोंबली. ती कोरडी ठणठणीत. त्याला असा ठसका लागला की डोळे बाहेर यायची पाळी आली.

"अरे पाणी घे," व्हर्डेल ओरडला.

"नको!" आयनार खोकत खोकत म्हणाला.

"मरशील, गाढवा!"

"नको म्हटलं ना!"

सेल्मरला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग तो टेबलावर हात आपटून हसायला लागला. आर्डिस घाबरून वळली, पण त्याचा श्वास ठीक होता. डोळ्यांतलं पाणी पुसत तो म्हणाला, "आर्डिस, ओत या दोघांना. मयताला आल्यासारखे बसलेत माझ्या घरात. अजून आहे मी."

"तुझ्यादेखत कशी घेणार?" आयनार कसाबसा म्हणाला.

"माझ्यादेखतच घ्या. कॉफीवाचून राहता येतं मला. इथे एकटा बसून बसून वेड लागायची वेळ आलीय."

एवढं मनातलं तो इतक्या जणांपुढे कधी बोलला नव्हता. आयनार आणि व्हर्डेल खाली बघायला लागले. आर्डिसनं त्यांचे कप भरले, आणि जन्माच्या सवयीनं भांडं नवऱ्याच्या कपापर्यंत गेलं.

"तुला, सेल्मर?"

"नको," तो म्हणाला.

दुसरा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. आयनार बघत होता, व्हर्डेल बघत होता, सेल्मर तिच्याकडेच बघत होता. आर्डिसनं तोंड मिटलं आणि भांडं परत शेगडीवर नेऊन ठेवलं.

व्हर्डेलनं फुंकर मारून पहिला घोट घेतला आणि म्हणाला, यंदा पेरणी लांबणार बहुतेक.

"छे," सेल्मर खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "लांबतेय कसली!"