सेपियाचा गरम हात

मलेशियातली केलांतान नदी समुद्राला मिळायच्या आधी जिथं आळसावते, तिथल्या आमच्या गावात माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी हात. कुणाकडे कार्य निघालं की न बोलावता येऊन भांडी घासायला बसते ती हलक्या हाताची. नवऱ्याचा हात बायकोच्या गालावर पडायला लागला तरी त्यालाही हलकाच म्हणतात, फक्त सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो. शेजारच्या कोंबड्या जिच्या परसात वाट चुकतात तिचा हात लांब. पाहुण्यानं येताना आणलेली केळ्याची फणी म्हणजे हाताचं फळ. आईच्या साध्या भाताला जी चव असते आणि दुकानच्या भाताला जी काही केल्या येत नाही, ते हाताचं पाणी. पण सगळ्यांत मोठा मान थंड हाताचा. थंड हातानं खोचलेली वाळकी काडीसुद्धा पालवते. आणि गरम हात लावील तिथं माती.

गावात थंड हात होता रोगायाचा, आणि गरम हात तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, सेपियाचा.

हे नाव सेपियाला पडलं तेव्हा तिची हनुवटी जेमतेम परातीच्या काठाला लागत होती. घरात ईदचा तापाय चालला होता. तापाय म्हणजे चिकट भाताला विरजणाची वडी कुटून लावायची, रबराच्या झाडाच्या पानांत पुड्या बांधायच्या आणि हंड्यात झाकून निजवायच्या. जागा होतो तेव्हा भात मधासारखा गोड आणि जरासा झिंग आणणारा झालेला असतो. तापाय करताना मोठ्यानं बोलायचं नाही, रागवायचं नाही, झाकण उघडून डोकावायचं नाही. त्या वर्षी आईनं कौतुकानं विरजण भुरभुरायला सेपियाला बसवलं. ईदच्या दिवशी पाहुण्यांनी पुड्या सोडल्या तर आत लालसर, आंबट ढाण. एका मामानं तोंड वेडंवाकडं केलं. आई हसून म्हणाली, "या पोरीचा हात गरम आहे बाई!"

आई बोलली आणि विसरली. गाव कसलं विसरतंय! आमचं गाव एक वेळ मयताला जायचं विसरेल, पण कुणाला ठेवलेलं नाव विसरणार नाही. त्यानंतर कुणी मिरचीचं रोप लावायला बसलं की आधी म्हणायचं, "सेपिया, तू जरा आत जा गं." आणि सेपिया जायची. पुढे पुढे तर सांगावंही लागेना. कुदळ दिसली की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे. लग्न झालं, देरिससारखा गरीब स्वभावाचा नवरा मिळाला, पण त्याच्या दारात तिनं तुळशीएवढं रोप कधी लावलं नाही. मुलगी झाली तेव्हा तर कहरच. बाळाला पहिली आंघोळ घालायला ती धजेना. आपला हात लागून हिचं काही झालं तर? तिनं बाळ रोगायाच्या मांडीवर दिलं आणि स्वतः दाराआड उभ्याउभ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिली.

रोगायाला मूल नव्हतं. तिनं त्या बाळाला, हस्माला, न्हाऊ घातलं, वाढवलं, आणि हस्मा अडखळली की "मा" म्हणण्याआधी तिच्या तोंडून "माक लोंग", म्हणजे मोठी मावशी, असं निघायला लागलं. सेपियाला याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण आपल्याच हाताचा दोष, तिथं बोलायचं कुणाला?

तिला एक स्वप्न मात्र पडायचं. दुपारी, भात खाऊन पायरीवर डोळा लागला की. नदीतून भाताची वाफ वर येते आहे, ती वाफ ओंजळीत घेऊन ती उभी आहे, आणि ओंजळीत काहीतरी हळूहळू गोड होत चाललं आहे. ती डोकावून बघत नाही. फक्त वासावरून ओळखते. तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं.

हस्माचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास रोगायाला झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हातानं गावाला गोड खायला घातलं तो हात खाटेच्या कडेवरून निसटला की कुणीतरी उचलून परत अंगावर ठेवायचा. बोलणंही जड झालं.

आमच्याकडे लग्नाचा तापाय मुलीच्या आईकडच्या माणसाच्या हातचा लागतो. बाजारचा वाढला तर कुणी भांडत नाही, पण नवऱ्याकडच्या बायका पानं सोडताना एकमेकींकडे बघतात, आणि ते बघणं नव्या सुनेला म्हातारपणापर्यंत पुरतं.

शेजारची लिमा मिरच्या निवडायच्या निमित्तानं येऊन बसली. लिमा वाईट नाही, पण तिच्या जिभेला कुंपण नाही.

"मग तापायचं काय ठरलं?" तिनं विचारलं.

"मी करीन म्हणते," सेपिया म्हणाली. आपण असं म्हणू हे तिलाही ठाऊक नव्हतं.

लिमाच्या हातातली मिरची तशीच राहिली. "तू? अगं, वऱ्हाड जेवायला बोलावलंयस का औषधाला? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? बाजारातून आण आणि रोगायाच्या नावावर खपव. ती काय उठून सांगायला येणारे!"

हस्मा आत शिवत बसली होती. ती हसली नाही, पण "नाही मा, तूच कर" असंही म्हणाली नाही. सेपियाला लिमाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुपारी ती रोगायाकडे गेली. खिडकीतून नारळीच्या सावल्या खाटेवर हलत होत्या आणि रोगाया त्या सावल्यांत बुडाल्यासारखी पडली होती. सेपियानं तिचा लुळा हात मांडीवर घेऊन तेल लावायला सुरुवात केली.

"काक लोंग," तिनं थोरल्या ताईला नेहमीची हाक मारली, "उद्या मी भात शिजवते. तू फक्त तुझा हात त्यात ठेव. मी धरीन, मीच फिरवीन. नाव तुझ्या हाताचं, कष्ट माझे."

रोगायाचं अर्धं तोंड हसलं. मग ती बोलायला लागली, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"माझा... पण आंबायचा."

"काय आंबायचा?"

"तापाय. कितीदा तरी. कधी भात निवायच्या आत विरजण पडायचं. कधी वडीच जुनी."

"काहीतरीच! तुझा आंबट तापाय गावात कुणी खाल्लाय का?"

"बदकांनी," रोगाया म्हणाली.

सेपियाचा तेलाचा हात थांबला. बदकं! ताईच्या परसातली बदकं अधूनमधून भलतीच वागायची. एकामागून एक चालायची सोडून गोल गोल फिरायची, बादलीला जाऊन धडकायची, एक तर नदीकडे तोंड करून बांग दिल्यासारखं ओरडायचं. सगळं गाव हसायचं. रोगायाच्या बदकांना ऊन बाधतं, असं म्हणायचं.

"उजाडायच्या आत टाकून द्यायचे मी," रोगाया म्हणाली. "आणि नवा भात चढवायचे. तुझा एकदाच बिघडला. पण पाहुण्यांसमोर."

सेपियाला आधी हसू आलं आणि मग हसता हसता इतका राग आला की तिनं बहिणीचा हात खाटेवर टाकला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस? मी माझ्या लेकीला आंघोळ घातली नाही काक लोंग! दारामागं उभी राहायचे मी! एका शब्दानं बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

रोगायानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, एकाच बाजूनं.

"तू करायला लागली असतीस. मग मला कोण विचारणार होतं? तुला नवरा, लेक. मला हाच एक हात."

सेपिया उठली. पायऱ्या उतरली, तेलाची वाटी तिथंच राहिली. नदीकाठानं ती किती वेळ चालली कोण जाणे. बहिणीचा संताप येत होता आणि त्या संतापाखाली, लाज वाटावी असं काहीतरी हलकं हलकंही वाटत होतं. वाटेत कुणाच्या तरी वांग्याच्या वाफ्याशी ती थांबली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून उकिडवी बसली आणि एका रोपाच्या बुडाशी मातीत तळवा टेकला. माती ओली होती. रोपाला काही झालं नाही. ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं तांदूळ भिजत घातला.

भात वाफवून तिनं परातीत पसरला तेव्हा घरभर धुकं झालं. त्या धुक्यात ती स्वप्नात उभी राहायची तशी उभी राहिली. फक्त आता हाक मारून उठवणारं कुणी नव्हतं, कारण देरिसला तिनं मांडवाच्या बांबूंवर पिटाळलं होतं. विरजण भुरभुरलं, पानांत पुड्या बांधल्या, नारळाच्या हिराचे काटे टोचले. हंड्यावर चादर घातली. दोन दिवस ती घरात अशी वावरली की जणू कुणी तान्हं निजलं आहे.

आणि पुडी सोडली तर आंबट. आंबट म्हणजे डोळे मिटावेत इतका.

तिनं हातपायच गाळले. हंडा उचलून तशीच ती रोगायाकडे गेली आणि तो खाटेपाशी आपटला. "घे! बघ! तू मेलीनं मला वेडी आशा लावलीस. गावच खरं होतं!"

रोगायानं डाव्या हातानं पुडी ओढली, चाखली, आणि तिचं उरलंसुरलं अर्धं तोंडही वाकडं झालं. मग ती खदखदून हसायला लागली. कित्येक दिवसांत कुणी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"बदकांना घाल," ती म्हणाली. "आज तू तापाय करणारी झालीस. कोमट होता ना भात?"

"हात लावून बघितला की. निवला होता."

"वरून निवला होता. आत बोट घाल. गालाला लाव. बाळाचं दूध बघतात तसं."

 बाळाचं दूधही सेपियानं कधी बघितलं नव्हतं. रोगायाला ते उमगलं असावं, कारण तिनं डावा हात लांब करून सेपियाचा गाल चाचपला. "शीक आता," ती म्हणाली. त्या दिवशी बदकं मांडवाच्या बांबूंना धडकत फिरली आणि देरिस त्यांना शिव्या घालत राहिला.

दुसऱ्या खेपेला सेपियानं घाई केली नाही. परातीपुढं बसून ती वारा घालत राहिली, भाताच्या पोटात बोट घालून गालाला लावत राहिली. दुपार कलली, नदीवरचा उजेड छताला लागून हलायला लागला, आणि तिला वाटलं, आपण भात निववत नाही आहोत, कुणाला तरी थोपटतो आहोत. हस्मा केव्हा शेजारी येऊन बसली ते तिला कळलंही नाही. दोघींनी मिळून पुड्या बांधल्या. नियमाप्रमाणं कुणीच मोठ्यानं बोललं नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. जेवणं होत आली तशी सेपिया तबक घेऊन पंगतीतून फिरली. नवऱ्याकडच्या एका जाडजूड आत्याबाईंनी पान सोडलं, घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरी पुडी घेतली. मग तिसरी रुमालात बांधली.

"अहो, रोगायाचा हात तो रोगायाचा!" लिमा मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली. "खाटेवर पडून सुद्धा! याला म्हणतात हाताचं पाणी!"

चार जणींनी माना डोलावल्या. सेपिया हसली. पोरीच्या लग्नात तोंडं गोड झाली, आणखी काय हवं, असं तिनं मनाला सांगितलं आणि ते बरंचसं खरंही होतं. बहिणीचं नाव बहिणीकडेच राहू दे.

रोगायाला खुर्चीत बसवून मांडवात आणलं होतं. नवरा-नवरी थोरामोठ्यांपुढं वाकून त्यांचे हात हातात घेत होती, चुंबत होती. लहानांनी मोठ्यांच्या हाताचं असं करायचं, ही आमची रीत. रोगायानं डाव्या हातानं सेपियाला खूण केली. तिला पाणी हवं असेल म्हणून सेपिया तबकासकट वाकली. रोगायानं तिचा उजवा हात धरला, भाताचा चिकट रस लागलेला, आणि आपल्या कपाळाला लावला. मग ओठांना.

"काक लोंग, हे काय करतेस!" सेपिया कुजबुजली. "मी धाकटी आहे. लोक बघतायत."

रोगायानं हात सोडला नाही. तिनं मान वर केली, लिमाकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच न अडखळता बोलली.

"हे हिनं केलंय. मी नुसती लोळत होते."

सेपियाचा एक हात बहिणीच्या मुठीत होता आणि दुसरा तबकाखाली. डोळे पुसायला तिच्याकडे हातच उरला नव्हता, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.