पाटावरचा पाय

तनुजाला लहानपणापासून एक खोड होती आणि नोकरीला लागून इतकी वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. "कामून?" म्हणजे "का?" असं विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मिक्सर बंद पडला की आईला चटणीची काळजी, हिला मिक्सरची. आई, म्हणजे कस्तुराबाई, कपाळावर हात मारून म्हणायची, "देवा, या पोरीला गप बसवायचं औषध दे रे." पण चिकलठाण्याच्या एका कारखान्याला नेमकी हीच खोड हवी होती. नाकारलेला माल तनुजासमोर यायचा आणि तो का बिघडला ते तिनं शोधायचं, त्याचाच तिला पगार.

तर अशा मुलीच्या डोळ्यांदेखत कॉलनीचा बँड बिघडला.

हा बँड वरातीत भाड्यानं जाणारा नव्हे, हौशी मंडळींचा. कन्नड तालुक्यातल्या एका गावातून पोटापाण्यासाठी शहरात आलेली दहा-बारा माणसं. कुणी कारखान्यातून रिटायर झालेला, कुणी शाळेची बस चालवणारा, कुणाचं क्रांती चौकात मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. तरुणपणी गावानं वर्गणी काढून बँड घेतला होता, तेव्हा गावातल्या लग्नांत ही मंडळी फुकट फुंकायची आणि वर जेवून यायची. आता त्यांची वाद्यं वर्षभर पलंगाखाली पडलेली असत. दसरा झाला की ती चिंचेनं घासून लख्ख करायची, संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर सराव करायचा आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंघोळी उरकून आलेल्या लोकांसमोर वाजवायचं. मोबदला म्हणाल तर फराळाचं ताट, आणि त्यातल्या अनारशांवरून होणारी भांडणं.

यांची एक गंमत होती. सगळे वरातीत शिकलेले, म्हणून उभ्याउभ्या स्वस्थ राहून वाजवणं कुणालाच जमत नसे. पाय हलले नाहीत तर तोंडातून फुंकर निघत नसे म्हणा ना. त्यामुळं पहाटेच्या कार्यक्रमातही लोक खुर्च्यांवर आणि हे समोर दोन रांगांत, जागच्या जागी पावलं टाकत. पाहुण्यांना हसू यायचं. कॉलनीला सवय होती.

पहिल्या रांगेत डाव्या टोकाला तनुजाचे वडील मोतीराम, घरातले अण्णा. त्यांच्याकडं मंडळाचा मोठा भोंगा, छातीशी कवटाळून धरायचा, खर्जातला. धून ट्रम्पेट वाजवायचं, टाळ्या ट्रम्पेटला पडायच्या, आणि मोतीराम आपले पाठीमागून भों, भों करत राहायचे. मागच्या दिवाळीआधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दिवाळी दवाखान्यात गेली आणि त्या वर्षी बँडच वाजला नाही. नशीब थोर, तोंड वाचलं, हात वाचले. डावा पाय तेवढा रुसला. घरी आल्यावर मोतीराम भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, जेवायला उठवलं तरी "नको" म्हणायचे. यंदा दसऱ्यानंतर बँडमधले बन्सीकाका भोंगा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा कुठं हा माणूस उठून बसला. आठवड्याभरात भाजीत मीठ कमी आहे म्हणून ओरडायलाही लागला. कस्तुराबाईंनी त्या दिवशी आनंदानं डोळे पुसले.

आणि मग बँड लंगडायला लागला.

म्हणजे असं, की धून नीट सुरू व्हायची, चार पावलं जायची, आणि एकाआड एक ठोका किंचित उशिरा पडू लागायचा. गावाकडची वरातीची जुनी धून, तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, पण पोरंसोरंही ती गुणगुणायची. तिचं हे असं झालेलं ऐकून बन्सीकाका बेजार झाले. ते बँडचे पुढारी, ट्रम्पेट त्यांच्याकडं. शाळेची बस चालवायचे, त्यामुळं आवाज चढा.

"सूर्यभान, ढोल मागं पडायलाय तुझा!"

"नाय हो भाऊ," सूर्यभान कळवळून म्हणाला. बँडमध्ये तो सगळ्यात तरुण, मोबाईलच्या कव्हरवाला. "मी बरोबर मारायलोय. टिपरी मोजून मारायलोय."

"मंग काय मी मागं पडायलोय?"

असं चार-पाच संध्याकाळी चाललं. शेवटी एकदा भोंगा खाली ठेवून मोतीरामच बोलले. ते फारसं बोलत नसत, म्हणून सगळे गप्प झाले. "हे बघा, ज्याच्यामुळं बिघडायलंय त्यानं आपणहून बाजूला व्हावं. त्यात राग कसला? उद्या माझ्यामुळं बिघडलं तर मी एक दिवस थांबणार नाय."

सूर्यभानची मान खाली गेली. तनुजा अण्णांना न्यायला आली होती, तिनं ती मान पाहिली आणि तिला वाईट वाटलं. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, तिची खोड जागी झाली.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी झाल्यावर थेट सूर्यभानच्या दुकानात गेली आणि त्याला काउंटरवर ठोका धरायला लावला. चोख. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यानंही मान डोलावली. संध्याकाळी तिनं बन्सीकाकांना एकट्यानं वाजवायला सांगितलं. तेही चोख, जरा मिजाशीत. हनुमानकाकांचा ट्रॉम्बोन एकटा ऐकला, तोही बरोबर. सुटा सुटा माल पास आणि जोडला की नापास! असला प्रकार कारखान्यात झाला की तनुजाला जेवण गोड लागत नसे. तिनं सगळा सराव मोबाईलवर घेतला.

घरी आई मालिका बघत होती. आवाजावर आवाज नको म्हणून तनुजानं मोबाईलचा आवाज बंद केला आणि नुसतंच चित्र बघत बसली. ऐकायला काही नव्हतं, म्हणून नजर पायांवर गेली. दहा-बारा जोड्या, चपला, बूट, एक स्लीपर. उजवा, डावा, उजवा, डावा. उजवे सगळे एकदम पडत होते. डावे मात्र जरा थांबत होते. कुणासाठी?

तिनं पुन्हा पाहिलं. पहिल्या रांगेतल्या डाव्या टोकाचा, अण्णांचा, डावा पाय बाकीच्यांच्या आधी पडत होता. उचलायला जड, टेकायला उशीर. तो टेकला की मग बाकी सगळ्यांचे डावे पाय टेकत होते. बन्सीकाकांचासुद्धा. मागं उभ्या सूर्यभानची तर नजरच त्या टाचेवर होती.

कारण सापडलं की तिला आनंद व्हायचा. आज तिला वाटलं, सापडलंच नसतं तर बरं झालं असतं. आतल्या खोलीत अण्णा फडक्यानं भोंगा पुसत होते आणि चक्क गुणगुणत होते.

सकाळी, शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, तिनं बन्सीकाकांना बसच्या दारातच गाठलं. "काका, वाजवताना तुम्ही कुणाच्या पायाकडं बघता?"

"पायाकडं? मी कामून कुणाच्या पायाकडं बघू?"

तिनं मोबाईल पुढं धरला. काकांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि बसच्या पायरीवर बसून घेतलं. मग म्हणाले, "वरातीत लई गलका राहायचा गं. फटाके, पोरं, बायांची गाणी. ढोलबी ऐकू यायचा नाय. पुढं तुझे अण्णा. त्यांच्या टाचंवर नजर ठेवायची अन् चालायचं. कुणी शिकवलं नाय, आपोआपच. सूर्यभानाला मीच त्यांच्या मागं उभं केलं. पण आता इतक्या वर्षांनीबी आपण तेच करायलोय, हे मालूमच नव्हतं."

"मग आता?"

"आता काय? त्यांना सांगू नको. सूर्यभान बसंल यंदा घरी, मी समजावतो त्याला. पोरगं ऐकंल."

"आणि बँड तसाच लंगडणार? त्याच्याशिवायपण?"

काका उठून स्टिअरिंगवर जाऊन बसले. पोरं बसमध्ये चढायला लागली.

तनुजानं दिवसभर तेच चघळलं. सांगावं तर अण्णा भोंगा ठेवणार आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. न सांगावं तर सूर्यभानच्या माथी खोटा आळ. आणि तिसरं म्हणजे, अण्णांना कधीतरी दुसऱ्याच कुणाकडून कळणार, की सगळी कॉलनी आपल्याला सांभाळून घेत होती. हे तिसरं तिला अजिबात सोसवेना. संध्याकाळी कस्तुराबाई उद्याच्या पहाटेच्या अंघोळीसाठी वाटीत उटणं काढून ठेवत होत्या, तेव्हा तिनं अण्णांच्या हातात मोबाईल दिला. आवाज बंद. "अण्णा, पाय बघा."

मोतीरामांनी चष्मा लावला. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा बघायची त्यांना गरज पडली नाही.

"डावा," ते म्हणाले. "व्हय." मग चष्मा काढून घडी घालत म्हणाले, "सूर्यभानला फोन कर. उद्या नक्की ये म्हणावं. माझी चूक झाली म्हणावं."

"अण्णा..."

"तू बरोबर केलंस, तनू." आणि उठून त्यांनी भोंगा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायला घेतला. मंडळाची वस्तू, सकाळी मंडळाला परत द्यायची होती. गुंडाळायला त्यांनी फार वेळ लावला. तनुजा मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली, बाहेर आईला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

पहाटे प्लॉटवर पणत्या लागल्या होत्या. लोक नव्या कपड्यांत, ओल्या केसांनी, उटण्याच्या वासासकट येऊन बसले. मोतीरामांनी बन्सीला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं, भोंग्याचं गाठोडं पुढं केलं. बन्सीकाकांनी ते घेतलं नाही. "आधी वाजवू तर द्या, मंग बघू," म्हणाले. तेव्हा मोतीराम गाठोडं मांडीवर घेऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले, लोकांमध्ये. बँडच्या डाव्या टोकाची जागा रिकामी राहिली. ती भरायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

धून सुरू झाली. चार पावलं सुरेख गेली. ठोका कुठं अडत नव्हता, तनुजाचा हिशेब बरोबर निघाला होता. मग सूर्यभानच्या नजरेला टाच सापडेना. तो बन्सीकाकांकडं बघू लागला, बन्सीकाका रिकाम्या जागेकडं, हनुमानकाका सूर्यभानकडं. ट्रम्पेट पुढं धावलं, ट्रॉम्बोन मागं राहिला, ढोलानं कुणाला धरावं ते त्याला कळेना. धून फिसकटली आणि थांबली. मागं कुणीतरी हसलं. लवंगी फटाक्यांची एक लड तेवढ्यात वाजून गेली, म्हणून शांतता फार जाणवली नाही.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. घामाघूम झालेल्या बन्सीकाकांनी ट्रम्पेट खाली केलं आणि सगळ्या कॉलनीदेखत, बसमध्ये ओरडतात तसे ओरडले, "मोतीरामदादा, तुमचा पाय कुठंय?"

मोतीराम खाली मान घालून म्हणाले, "अरे, तोच तर बिघडलाय ना."

तनुजा मागं उभी होती. तिला स्वतःचाच राग आला. बँड का बिघडतो हे तिनं शोधलं होतं. तो इतकी वर्षं का बिघडला नाही, हे विचारायचंच राहून गेलं होतं. तो अण्णांच्या पायावर चालत होता. आणि बिघडला होता तो डावा पाय. उजव्याला काय धाड भरली होती?

ती धावत सुटली. घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. मोरीत अंघोळीचा पाट तसाच पडलेला, ओला, वर उटण्याचा थर. तो उचलून ती तशीच परतली, नव्या ड्रेसवर ओघळ घेऊन. अण्णांच्या खुर्चीसमोर तिनं पाट टाकला आणि त्यांचा उजवा पाय उचलून त्यावर ठेवला.

"बसून मी जन्मात वाजवलं नाय," मोतीराम म्हणाले.

"बसल्यावर पाय हलत नाही का? हलवा."

मोतीराम लेकीकडं बघत राहिले. लोक बघत होते, पणत्या जळत होत्या. कस्तुराबाईंनी पुढं होऊन लुगड्याची गाठ सोडली. मोतीरामांनी भोंगा छातीशी घेतला, पाठ सरळ केली आणि उजवी टाच पाटावर आपटली. ठक. पुन्हा ठक. सागवानाचा जुना पाट, आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

बन्सीकाकांनी खुणावलं तशी लोकांनी खुर्च्या मागं ओढून जागा केली आणि अख्खा बँड दोन्ही रांगांसकट सरकत सरकत येऊन त्या खुर्चीमागं उभा राहिला. आता कुणाला टाच दिसत नव्हती आणि कुणी शोधतही नव्हतं. ठक म्हटलं की उजवे पाय पडायचे, आणि डावे आपापल्या वेळेला पडायचे, कुणासाठी न थांबता. भोंगा खर्जात घुमला. सूर्यभान ढोलावर असा तुटून पडला, की इतक्या दिवसांच्या अपमानाचा वचपा त्यानं त्या कातड्यावरच काढला. गावाकडची ती बिननावाची धून चिकलठाण्याच्या प्लॉटवर ताठ चालायला लागली.

तनुजानं सवयीनं मोबाईल काढला आणि कॅमेरा अण्णांच्या पायांवर धरला. उजवा पाटावर पडत होता, चोख. आणि डावाही हलत होता. जड, जरा मागून, पण प्रत्येक ठोक्याला. तो मातीवर होता, त्याचा आवाज होत नव्हता. तिनं मोबाईल बंद केला आणि नुसतीच बघत उभी राहिली.