तवंदी घाटातली पिवळी बत्ती

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ट्रकाला नवा मोठा टर्बो बसवायचं ठरवलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं हुतं, हे आधीच सांगून टाकते. मागनं कुणी म्हणायला नको, मनिषानं आपलं तेवढं झाकून ठेवलं म्हणून.

ट्रक आमचा दहा वर्षांचा. निपाणीत भाजी भरायची आणि जांबोटीवरनं गोव्याला उतरायचं, हा मालकांचा धंदा. मालकांचं नाव विनोद, पण विनोद कसला, गाडीचा विषय निघाला की माणूस एकदम गंभीर. चढाला गाडीला दम लागायचा, हे खरं हाय. पण चाळिशीनंतर माणसालाबी लागतोयच की! मी म्हटलं, "अहो, चालतीय ती बरी चालतीय. कशाला तिचं पोट फाडताय?"

तर हे मला म्हणाले, "तुला मागातलं कळतंय, गाडीतलं न्हाय."

लागलं की हो मला. मी शहापूरच्या विणकराची पोरगी. मागातलं कळतंय म्हणजे काय कमी कळतंय? दोन दिवस मी बोलले न्हाय. भाकरी ताटात, पाणी तांब्यात, तोंडाला कुलूप. हे आपले एकटेच बोलायचे आणि एकटेच व्हय व्हय करायचे.

तिसऱ्या दिवशी टर्बो बसला, आणि माझा राग उतरला. उतरला म्हणजे काय, मलाच धरून ठेवायचा कंटाळा आला. आमच्याकडं गाडीला नवं सामान बसलं की घरच्या बाईनं हळद-कुंकू लावायचं आणि दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधायचा. मी नारळ घेतला आणि हायवेवर भरमू भावजींचं गॅरेज हाय तिथं गेले. मला बघून मालकांचं तोंड असं फुललं, की मलाच लाज वाटली.

"आलीस व्हय?" एवढंच म्हणाले.

"गाडीसाठी आलेय," मी म्हटलं.

दुकानातला दोरा महिन्यात कुजतोय. मी माझ्या आई जयाबाईकडनं मागाची काळी दोरी आणून ठेवली हुती, मरगाई देवीच्या पायाला लावून. टर्बोला एक गोल डबी असते आणि तिच्यातनं बोटाएवढी सळई बाहेर येते. ती जागा हाताशी आली. डबीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आणि सळई मिळून एकवीस वेढे दिले, गाठ मारली, हात जोडले. भरमू भावजींनीबी जोडले. मालकांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. झालं, आमचं भांडण मिटलं.

पण गाडीचं सुरू झालं. पहिल्याच खेपेला चढावर इंजिनानं अशी ओढ घेतली म्हणे, की मालक एकटेच केबिनमध्ये हसले. आणि पुढच्या मिनिटाला समोर पिवळी बत्ती लागली आणि गाडीतलं बळच गेलं. मागनं उसाचा ट्रॅक्टर यांना ओलांडून गेला. ट्रॅक्टर! ते सांगताना यांच्या डोळ्यांत पाणी आलतं.

भरमू भावजींनी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. ओव्हरबूस्टचा कोड. म्हणजे टर्बो इंजिनात हवा लागते त्यापेक्षा जास्त दाबानं कोंबतोय, म्हणून गाडी स्वतःला जपायला ताकद कमी करतीय. कोड पुसला, हवेचा दाब मोजणारा सेन्सर धुतला. चढावर परत बत्ती. सेन्सर नवा घातला. परत बत्ती. रबरी पाइप सगळे बदलले. परत तीच बत्ती, तोच कोड. पी झिरो टू थ्री फोर. माहेरचा फोन नंबर मला पाठ न्हाय, पण ह्यो पाठ झाला.

पंधरा दिवसांत मालक निम्मे झाले. भाजीचा व्यापारी दुसऱ्याच्या गाडीत माल घालायला लागला. एका सकाळी चहा पुढं तसाच ठेवून हे म्हणाले, "सदलग्याचं गिऱ्हाईक आलंय. उद्या रविवारी येऊन गाडी घेऊन जाईल. कॅम्पातल्या एका बंगल्यावर वॉचमनची जागा हाय, बोलून ठेवलंय."

हा माणूस खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या फाटकाची कडी काढणार? स्टिअरिंगवर हात असला की हा माणूस गुणगुणतो. घरात कधी न्हाय, तिथं गुणगुणतो.

"तूच बरोबर हुतीस बघ," हे पुढं म्हणाले. "मला गाडीतलं कळत न्हाय."

आग लागो त्या बरोबर असण्याला! मला हे असं जिंकायचं नव्हतं.

"आज एकदा मी येणार गाडीत," मी म्हटलं. "माल भरलेला हाय न्हवं? भरमू भावजींना घ्या. तवंदी घाट चढून बघू. मग विका न्हायतर जाळा."

"तू येऊन काय करणार गं?"

"बसणार. शिव्या देणार. तुमी चालवा."

तिघं निघालो. मागं बटाट्याची पोती, मांडीवर भरमू भावजींचा स्कॅनर. घाट लागला. गाडीनं ओढ घेतली आणि खरं सांगते, मलाबी बरं वाटलं. मालकांनी हळूच माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात लागली पिवळी बत्ती. गाडी मेल्यागत झाली, मागं हॉर्न वाजायला लागले. मालकांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

भरमू भावजी उतरले. केबिन पुढं कलवली, इंजिन उघडं केलं. मीबी वाकून बघायला लागले. गप बसणं माझ्या स्वभावात न्हाय, म्हणून विचारलं, "भावजी, हवा जास्त झाली तर ती जायची कुठनं? काय वाट ठेवलीय का न्हाय?"

"हाय की, वैनी. टर्बो फिरतो इंजिनाच्या धुरावर. दाब वाढला की ही डबी ह्या सळईला पुढं ढकलते. सळईनं आत एक झडप उघडते आणि जादाचा धूर टर्बोला न फिरवता बाहेर जातो. मग टर्बो आपसूक आवरतो."

"म्हणजे ही सळई हलायला पाहिजे?"

"हलतीय ती, तेवढंच तर तिचं काम."

मी सळईकडं बघितलं. सळईवर माझे एकवीस वेढे.

बाई गं! ती दोरी काय साधी हाय? मागावर नक्षी पाडायला हीच दोरी शिशाची वजनं दिवसभर वरखाली करते, आणि वर्षानुवर्षं तुटत न्हाय. वर गाठ मी मारलेली, विणकराची, ओढाल तशी घट्ट बसणारी. भरमू भावजींनी तिला पूजेचा दोरा समजून हात जोडले, पण तिचं बळ त्यांना काय ठाऊक? ते मला ठाऊक. नवा टर्बो, नवा सेन्सर, नवे पाइप, आणि सळई मी बांधून ठेवलेली!

गप बसले असते तरी चाललं असतं. गाडी उद्या गेली असती, कुणाला कळलं नसतं. पण माझ्याच्यानं झालं न्हाय.

"भावजी," मी म्हटलं, "पकडीनं ती सळई ओढून बघा."

त्यांनी ओढली. हलली न्हाय. परत जोर लावला. दोरी ताणली, सळई तिथंच. भरमू भावजींनी माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं बघितलं. "मालक," ते म्हणाले, "परवा मी म्हटलं न्हवं का, ह्यो दोरा काढून एकदा मागं बघूया म्हणून?"

"म्हटलंवतं?" मी विचारलं. "मग का न्हाय काढला?"

"मालक न्हाय म्हणाले. दोनदा म्हणाले. म्हणाले, बाकी काय पाहिजे ते खोल, दोऱ्याला हात लावायचा न्हाय."

मी मालकांकडं वळले. हे रस्त्याकडं बघत हुते, जसं काय रस्त्यात कुणी ओळखीचं चाललंय.

"का हो?"

"अगं, दोरा इतकं धरून ठेवील असं कुणाला वाटतंय?"

"ते सोडा. काढू का दिला न्हाय?"

मग खाली बघून म्हणाले, "दोन दिवस बोलत नव्हतीस तू. मग आलीस आणि तो बांधलास. तो तोडायचा म्हटलं की हात पुढं जाईना बघ."

"आणि गाडी विकायला निघाला हुता? वॉचमन व्हायला?"

"गाडी काय, गाडी..." म्हणाले आणि हातातला फडका उगंच झटकायला लागले.

येडं हाय हो माझं माणूस! मला रडूबी यायला लागलं आणि शिव्याबी यायला लागल्या. भरमू भावजींनी कटर काढली हुती, ती मी हिसकून घेतली.

"मने, थांब," मालक म्हणाले.

"थांबत न्हाय. मी बांधलाय, मीच तोडणार. आणि आपल्या दोघांना बांधून ठेवायला दोरा कशाला लागतोय?"

एकवीस वेढे तोडायला मला घाम फुटला. भरमू भावजींनी परत पकड लावली. सळई सुळ्ळकन पुढं आली आणि सोडल्यावर मागं गेली. त्यांनी कोड पुसला, केबिन खाली घेतली. निघालो.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. भरमू भावजी स्कॅनरकडं बघत हुते, मी बत्तीच्या जागेकडं, डोळ्याची पापणी न हलवता. घाटमाथा आला. बत्ती लागली न्हाय.

माथ्यावर मालकांनी गाडी बाजूला घेतली, सदलग्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावं म्हणून.

"पावणं, उद्या येऊ नका. गाडी विकायची न्हाय."

"का हो? बिघाड सापडला?"

"सापडला."

"कुणी काढला? कुठला मिस्त्री?"

आता सगळ्या सदलग्यात माझी अब्रू जाणार.

"बायकोनं काढला," मालक म्हणाले. "तिला गाडीतलं लई कळतंय."