सात काळी वर्तुळं

"आठच मिनिटांत तुंबड्या काढतेस? अजून रंगही नाही आला," शाओ दारातूनच म्हणाला.

खाटेवर पालथे पडलेले लुआनकाका लगेच त्याची री ओढू लागले. जन्मभर बस चालवलेला माणूस, वय पंचाहत्तर, रक्तात साखर, पाठीची कातडी कांद्याच्या सालीसारखी. अशा पाठीवर काचेची तुंबडी आठ मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, हे आईने मला शिकवलं तेव्हा आमच्या दवाखान्याचा मालक हा शाओ जन्मलाही नव्हता. पण काईफंग शहरात हल्ली सगळ्यांना डाग काळेच हवेत. जितका काळा डाग, तितका अंगातला ओलावा बाहेर पडला म्हणे. कसला ओलावा! काच जास्त वेळ ठेवली की कुणाचीही पाठ काळी पडते. शाओला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर माझं डोकं फिरायचं.

मी सातही तुंबड्या काढल्या, पाठ पुसली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत एका बाईची मान धरली म्हणून मला बोलावलं. वीस मिनिटांनी परत येते तर तुंबड्या पुन्हा पाठीवर, आणि काचेखाली टरारलेले फोड. बघा, ओलावा कसा पाणी होऊन आला, असं शाओ काकांना सांगत होता. काका खूश. मी तुंबड्या उतरवल्या आणि त्याला बाहेर नेऊन झाड झाड झाडलं. तो फोन बघत राहिला.

सहाव्या दिवशी काकांचा मुलगा आला. पाठ चिघळली होती, काकांना इस्पितळात नेऊन आणलं होतं. खाट रुइलानमावशीची, म्हणजे माझी होती, असं शाओने त्याला सांगून टाकलं आणि माझ्यापुढे कागद सरकवला. माझ्या हातून चूक झाली, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर नोकरी राहणार होती.

"सव्वीस वर्षांत माझ्या हाताखाली एक पाठ चिघळली नाही," मी म्हणाले. "सही हवीय ना? मग लिही, मी काढलेल्या तुंबड्या तू परत लावल्यास. आणि पेशंटला तुझ्या भरवशावर सोडून गेले ही माझी चूक, तेही लिही. ठसठशीत सही करते."

त्याने लिहिलं नाही. मी अंगावरचा कोट काढून त्या कागदावर टाकला. मुलाला आमच्या भांडणात रस नव्हता. रोजची मलमपट्टी कोण करणार, एवढंच त्याने विचारलं. मी करीन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरी गेले. पट्टी सोडवताना ते उशीत तोंड खुपसून बोलत होते.

"पोरगा उगाच घाबरतो. मी त्याच संध्याकाळी बुद्धिबळाच्या कट्ट्यावर सदरा वर करून दाखवला. सगळे चाट पडले. इतके काळे डाग कुणी उठवले म्हणून विचारत होते. मी तुझंच नाव सांगितलं, पोरी."

मी जुनी पट्टी चुरगाळून बादलीत टाकली. मग कापूस औषधात बुडवला आणि पहिली जखम पुसायला घेतली.